मावशी आणि मामी एका खणात

सोमवार, ३ मार्च. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

बुटांना पॉलिश करता करता हे लिहीत आहे. डावा झाला, उजवा वाळत ठेवला आहे. आज नोकरीचा पहिला दिवस. वही नवी, शंभर पानी. समास आखून घेतला आहे. अक्काने शर्ट-पँट खुर्चीवर काढून ठेवली आहे. लहानपणापासून माझे कपडे तीच काढते. एकदा मी स्वतः काढले होते, तेव्हा आई घाईघाईने म्हणाली, "तू कशाला त्रास घेतोस, बाळा?" आमच्या घरात माझे लाड जरा जास्तच होतात.

नोकरी दोऱ्यांच्या दुकानात आहे. दारावर कागद चिकटवला होता : "डोळस माणूस पाहिजे. बोलका असावा." मालकीणबाई जन्मापासून आंधळ्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर. दुकान त्या आणि त्यांची आई मिळून चालवत. गिऱ्हाइकाने कापड दाखवायचे, आईने बघून रंग सांगायचा, बाईंनी खणातून रीळ काढायचे. आईला जाऊन तीन महिने झाले. आता सांगणारे कुणी नाही.

मुलाखत शनिवारी झाली.

"डोळे कसे आहेत?"

"उत्तम. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचतो."

"शिक्षण?"

"दहावी. पण शुद्धलेखनात वर्गात पहिला होतो."

"मला दोरे विकायचेत, निबंध नाही." त्यांनी गल्ल्याजवळच्या नव्या खोक्यातून एक रीळ पुढे केले. "हे कुठलं?"

"किरमिजी," मी तत्काळ सांगितले. स्टिकरवर 'कीरमीजी' छापले होते. दोन चुका मनातल्या मनात दुरुस्त करून सांगितले.

बाईंचे धाकटे भाऊ तिथेच उभे होते. दुकानात त्यांचा अर्धा हिस्सा आहे. ते म्हणाले, "ताई, महिनाभर बघू. एकतीस तारखेला मी येतो. जमलं तर जमलं, नाहीतर गाळा मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्याने. तो तर तयारच आहे."

"तयार तूही आहेस," बाई म्हणाल्या.

म्हणजे माझी नोकरी आणि बाईंचे दुकान, दोन्ही माझ्या डोळ्यांवर अवलंबून आहेत. सुदैवाने डोळे चांगले आहेत. उजवा बूट वाळला.

गुरुवार, ६ मार्च. रात्रीचे साडेअकरा.

दुकान दहा फूट रुंद आणि बोळासारखे खोल. मागे बाईंची राहती खोली. डाव्या भिंतीला शहाण्णव लाकडी खण, प्रत्येकाच्या मुठीला दोऱ्याच्या गाठी. त्या चाचपून बाईंना खण कळतो. आत एकूण अकराशे चाळीस रिळे (मोजली). त्यांवर स्टिकर नाहीत. आईने सगळे सोलून टाकले होते, "वाचणारं कोण आहे इथे?" म्हणून.

मला वाटले, खणांवर रंगांची नावे असतील. तसे नाही. आईने मुलीला रंग शिकवले ते नातेवाइकांवरून.

"लाल म्हणजे मोठी मामी," बाई म्हणाल्या. "दारातूनच बोलायला लागते."

"आणि किरमिजी?"

"मोठीच मामी. मामाशी भांडून आलेली. गुलाबी म्हणजे तिची धाकटी, नुसती लाडावलेली. हिरवा म्हणजे मावशी. ती आली की घर निवांत होतं. निळा म्हणजे थोरले काका. बोलत नाहीत, पण खोलीत आहेत हे कळतं. पिवळी शेजारीण, न बोलावता येणारी. काळे आजोबा, ते बोलले की वाद संपला. आणि राखाडी म्हणजे घरजावई. कुणाशीही जुळतो, कुणाच्या लक्षात राहत नाही."

"आणि तुमचे भाऊ?"

"त्याला आईने रंगच दिला नाही. म्हणायची, अजून कच्चा आहे, धुतल्यावर बघू."

मला फार वाईट वाटले. एवढ्या हुशार बाई, आणि सगळे आयुष्य अशा अशास्त्रीय पद्धतीत काढले.

गल्ल्याजवळचे ते नवे खोके आई गेल्यानंतर आले आहे. बारा नव्या छटा आहेत, त्यांना अजून नातेवाईक मिळालेले नाहीत. बाई म्हणाल्या, "आता तू सांग. रोज संध्याकाळी एकेक. तुझी पद्धत ऐकू तरी. लाल कसा असतो?"

मी म्हणालो, "लाल म्हणजे उष्णता."

"हे सगळेच सांगतात. कोपऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्याची पाटी लाल आहे म्हणे. ती भाजते का?"

"निळा म्हणजे शांती."

"आमच्या धाकट्याची मोटारसायकल निळी आहे. तिच्या आवाजाने समोरच्या घरातलं मूल रोज उठतं."

"पांढरा म्हणजे पावित्र्य, बाई."

"अरे, हे तुला दहावीत शिकवलं की रद्दीत सापडलं?"

शेजारच्या गाळ्यातला चावीवाला कानस थांबवून ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, हे पंतोजी कुठून आणले?" तेव्हापासून माझे नाव पंतोजी पडले. मी मनावर घेतले नाही. रात्री अकरापर्यंत विचार केला, पण मनावर घेतले नाही.

शनिवार, ८ मार्च. दुपार.

स्वतंत्र वही केली. प्रत्येक रंगाला तीन रकाने : उष्णता, वजन, आवाज, दहापैकी गुण. बाईंना वाचून दाखवली.

निळा : उष्णता १, वजन ६, आवाज २. पिवळा : उष्णता ७, वजन १, आवाज ८. इथपर्यंत त्या मान डोलावत होत्या. लाल : उष्णता ९, वजन ५, आवाज ४. हिरवा : उष्णता ९, वजन ५, आवाज ३.

"थांब," बाई म्हणाल्या. "लाल आणि हिरवा जवळजवळ एकच?"

"सख्खे भाऊच म्हणा. फरक सूक्ष्म आहे, सवयीने कळतो."

"मला तर सगळे सांगतात की त्यांचा छत्तीसचा आकडा. हिरव्या झाडीत लाल फूल लांबूनही उठून दिसतं म्हणे."

"फूल आकारावरून दिसतं, बाई. लोकांना वाढवून सांगायची सवय असते."

"असं होय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं लोक मला फसवत होते तर."

मला समाधान वाटले. एका माणसाचा तरी गैरसमज दूर झाला.

मंगळवार, ११ मार्च.

आज गिऱ्हाईक कमी होते. बाईंनी विचारले, "याआधी कुठे कामाला होतास?"

मी सांगितले. आधी भाजीच्या वखारीत टोमॅटो निवडायला होतो. कच्चे एका पेटीत, पिके दुसऱ्या. मी प्रत्येक टोमॅटो दाबून बघत असे. वेळ लागे, पण काम चोख. मालक तापट. म्हणाला, "तुला डोळे आहेत की बटणं?" आणि काढून टाकले.

नंतर रेल्वेच्या भरतीला गेलो. लेखी परीक्षेत चांगले गुण पडले. मग एका गृहस्थाने ठिपक्यांचे पुस्तक उघडले आणि विचारले, काय दिसते? मी म्हणालो, ठिपके. त्याने पान उलटले. पुन्हा ठिपके. प्रत्येक पानावर ठिपकेच, आणि तो प्रत्येक पानावर तेच विचारी. पाचव्या पानावर मला वाटले, मोजायचे असतील. मोजू लागलो. एकशे अठ्ठावीसपर्यंत आलो तेव्हा त्याने पुस्तक मिटले आणि "पुढचा" म्हणाला. त्याला पैसे हवे होते हे उघड आहे.

बाईंनी हातातले रीळ खाली ठेवले. मग हसू लागल्या. गल्ला धरून हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. चावीवाला पळत आला, काय झाले म्हणून.

"काही नाही," त्या म्हणाल्या, "ठिपके."

जन्मांध माणसाला ठिपका म्हणजे काय ते ठाऊक नसणार. शब्दच गमतीदार वाटला असावा. नंतर त्या बराच वेळ गंभीर होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "पंतोजी, उद्यापासून कुणी कापड आणलं तर आधी चावीवाल्याला दाखवून ये." मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास नाही?" त्या म्हणाल्या, "त्याचे डोळे रिकामे बसतात रे, बिचाऱ्याचे." कुणाकुणाची काळजी करतात!

गुरुवार, १३ मार्च.

वाईट दिवस. पडदे शिवणाऱ्या बाई सकाळीच आल्या. सोमवारी त्यांनी राखाडी कापड आणले होते आणि मी त्याला जुळते म्हणून पाच रिळे दिली होती. ती त्यांनी गल्ल्यावर आपटली.

"हे राखाडी? हे गुलाबी आहे! दवाखान्याचे पडदे आहेत, लग्नाचा मांडव नाही!"

मी त्यांना शांतपणे समजावले की ट्यूबलाइटखाली रंग बदलतात. त्या म्हणाल्या, "ट्यूबलाइटखाली तुम्हीही माणूस दिसता."

दुपारी शिंपीकाका. बाटलीच्या काचेसारख्या गर्द हिरव्या कोटाला किरमिजी दोरा गेला आहे, नऊ कोट शिवून झाले आहेत. काका म्हाताऱ्या माणसाच्या मानाने बरेच जोरात ओरडतात. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि उसवायची मजुरी कबूल केली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

चूक कुठे होते याचा विचार केला. काम माझे चोख आहे. ट्यूब नवी आहे. म्हणजे दोष मांडणीचा. मामी, मावशी, जावई असल्या गोंधळात योग्य रीळ हाताला लागणार कसे? एकतीस तारखेला अठरा दिवस उरले. काहीतरी केले पाहिजे.

रविवार, १६ मार्च. रात्री आठ.

केले!

बाई आज दिवसभर भावाकडे होत्या. झाडलोटीसाठी किल्ली माझ्याकडे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, मधे फक्त पंधरा मिनिटे डबा खायला. शहाण्णव खण रिकामे केले, आतून पुसले, सगळी रिळे जमिनीवर पसरली आणि शास्त्रीय क्रमाने लावली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, फिकट आधी, गडद नंतर. निळ्यांची रांग पाहून मला स्वतःलाच भरून आले.

मातकट रंगांची संख्या मात्र अपेक्षेबाहेर निघाली : चारशे बारा. जवळजवळ छत्तीस खण एकट्या मातकटाने व्यापले. दोऱ्याच्या कंपन्यांना मातकट रंगाचे एवढे काय वेड आहे कळत नाही. उगीच वेगवेगळे ठेवले होते.

मुठींच्या जुन्या गाठी सोडवल्या आणि नव्या बांधल्या : एक ते शहाण्णव, हिशेबाने. उद्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा असेल.

सोमवार, १७ मार्च.

बाईंनी पहिल्या मुठीला हात लावला आणि तो तिथेच राहिला. मग दुसरी मूठ, तिसरी. पूर्ण रांग चाचपली. स्टुलावर बसल्या.

"हे तू केलंस?"

"हो बाई. शास्त्रीय पद्धतीने. आता फिकट ते गडद असा..."

"मावशी कुठे आहे?"

"मावशी आणि मामी एकाच ठिकाणी, बाई. एकतीस ते सहासष्ट. गुण्यागोविंदाने नांदतील."

त्यांनी उठून सगळ्या मुठी पुन्हा चाचपल्या, अकरा मिनिटे (घड्याळ समोरच आहे). मग म्हणाल्या, "त्या दोघी वीस वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या रे, पंतोजी. जा, चावीवाल्याला बोलाव."

चावीवाल्याने एकतिसावा खण उघडला. बत्तिसावा उघडला. पाच-सहा खण बघून झाल्यावर त्याने दोन रिळे काढून माझ्यासमोर धरली. "पंतोजी, यांतलं लाल कुठलं?"

मी नीट पाहिले. "दोन्ही एकाच घाण्यातली आहेत. उजवे जरा जुने."

"आणि तुम्ही रस्ता कसे ओलांडता हो? सिग्नल कसा कळतो?"

"वरचा दिवा पेटला की गाड्या थांबतात. त्यात काय कळायचे?"

तो हसला नाही. त्यानेच मला सांगितले. या प्रकाराला नाव आहे म्हणाला. त्याच्या मेहुण्यालाही आहे. लाल आणि हिरवा यांतला फरक असल्या माणसांना दिसत नाही. रंगांधळा.

मी म्हणालो, अशक्य. मला सगळ्यात खालची ओळ वाचता येते.

"ती काळ्या शाईची असते, बाळा," बाई म्हणाल्या. बाळा असे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या. "मला मंगळवारीच कळलं होतं. तुझ्या ठिपक्यांवरून. रंग दिसणाऱ्याला त्यांत आकडे दिसतात म्हणे."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला लागेल म्हणून. पन्नास वर्षं लोक माझ्यासमोर रंगांचं नाव काढत नाहीत, हिला लागेल म्हणून. मला त्यांची चीड येते. आणि मी तुझ्याशी अगदी तेच केलं. चांगुलपणा केला आणि आईचं दुकान घालवलं." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "शहाण्णव खणांत एकही माणूस ओळखीचा राहिला नाही."

मला घरी पाठवले.

मंगळवार, १८ मार्च.

कामावर गेलो नाही.

अक्काला विचारले. ती म्हणाली, घरात सगळ्यांना माहीत आहे. मावसभावांना माहीत आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना माहीत आहे.

"मग मलाच का नाही सांगितलं?"

"तू इतका टापटिपीचा. वाटलं, एवढं एक कळलं नाही तर काय बिघडतं?"

चारशे बारा रिळे बिघडतात, अक्का.

गुरुवार, २० मार्च.

राजीनामा लिहून नेला. तीन मसुदे केले, एकही चूक नाही. बाई म्हणाल्या, "मला दिसतंय का? वाचून दाखव." वाचून दाखवला. 'अक्षम्य' या शब्दावर माझा आवाज चिरकला.

"छान लिहिलंयस. आता घडी करून त्या हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घाल. पसारा घालून पळतोस कुठे? अकरा दिवस आहेत. तुला ते चारशे बारा दिसत नाहीत, मलाही दिसत नाहीत. चावीवाल्याला धंदा आहे. पण दुकानात रोज डोळे येतात ना?"

"कुणाचे?"

"गिऱ्हाइकांचे. फुकटचे."

नवी पद्धत अशी : जो कुणी येईल त्याला चहा द्यायचा आणि पाच रिळे हातात ठेवायची. रंगाचे नाव विचारायचे नाही. नावावरून भांडणे होतात असे बाईंचे म्हणणे. विचारायचे, ही मामी की मावशी? दोन माणसांचे म्हणणे जुळले की रीळ पक्के. मी प्रत्येक रिळाला क्रमांक देतो आणि साक्षी वहीत लिहितो. जुन्या गाठी बाई स्वतः बांधतात. त्या त्यांच्या बोटांना पाठ आहेत.

मला वाटले लोक वेड्यात काढतील. सगळ्यांत आधी आलेल्या शिंपीकाकांनी (कोटांचा राग ताजा होता) चहाचा घोट घेतला, रीळ उजेडात धरले आणि म्हणाले, "ही मामी. पण आजारी आहे."

पडदेवाल्या बाई म्हणाल्या, "आजारी कुठली, सोंग करतेय."

"मी चाळीस वर्षं शिवतोय!"

"म्हणून तर डोळे गेले तुमचे!"

अर्धा तास भांडले. आणखी दोघे येऊन उभे राहिले आणि प्रत्येकाने वेगळेच सांगितले. डोळस लोकांचे रंगांबाबत एकमत असते अशी माझी समजूत होती. वहीत सहा साक्षी लिहिल्या, एकही जुळली नाही. जाताना मात्र चौघांनी मिळून सतरा रिळे विकत घेतली.

बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. तीन महिन्यांत नसतील एवढ्या खूश.

मंगळवार, २५ मार्च.

दोनशे चाळीस पक्की झाली. लोक आता काम नसतानाही येतात. एक टपालवाला रोज येतो. तो सगळ्या रिळांना स्वतःच्या सासूशी जोडतो, त्यामुळे त्याची साक्ष धरत नाही.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "तुझी ती गुणांची वही फाडलीस का?"

"फाडली."

"बरं केलंस. आता पाठ केलेलं काही नको. मामीचं रीळ हातात घे आणि तुला दिसतं तेवढंच सांग."

मी खूप वेळ पाहिले. एवढा वेळ एकाच रिळाकडे आयुष्यात पाहिले नव्हते. मग म्हणालो, "दुकानाची पायरी धुतल्यावर जशी दिसते, तशी."

"आणि मावशी?"

"तीच पायरी, अर्धी वाळल्यावर."

बाई उठल्या, चपला काढून पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. मी तांब्याभर पाणी ओतले. त्या थांबल्या, मग पाय जरा बाजूला सरकवला.

"फरक आहे," त्या म्हणाल्या. "पण फार नाही."

"हो. फार नाही."

"मग लोक या दोघींवरून एवढा गहजब का करतात?"

"मलाही तेच वाटते, बाई."

चावीवाला म्हणाला, "वा! एक आंधळी, एक रंगांधळा, आणि दोघं मिळून जगाला नावं ठेवतात."

"तुझी कानस चालव," बाई म्हणाल्या.

सोमवार, ३१ मार्च. संध्याकाळ.

काल रात्रीपर्यंत चारशे तीन झाली. नऊ रिळांवर कुणाचेच एकमत होईना, ती बाईंनी टपालवाल्याच्या सासूला दिली. तिच्यासाठी वेगळा खण.

धाकटे मालक बरोबर अकराला आले. सोबत कव्हरवाला, हातात मोजपट्टी. दुकानात पडदेवाल्या बाई, शिंपीकाका आणि चावीवाला होतेच. कव्हरवाला सरळ भिंत मोजू लागला.

"ताई, सगळं कानावर आलंय," धाकटे मालक म्हणाले. "ठेवून ठेवून रंगांधळा ठेवलास? लोक हसतात."

"हसू देत की. हसता हसता दोरे घेतात."

त्यांनी खिशातून कापडाचा तुकडा काढला. "हे घे. जुळता दोरा दे. एवढं जमलं तर मी काही बोलणार नाही."

बाईंनी कापड माझ्या हातात दिले. "बघ रे."

महिन्यापूर्वी मी ताबडतोब उत्तर दिले असते. आता सगळे माझ्याकडे बघत होते. गडद आहे हे दिसत होते. पुढचे दिसत नव्हते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"ऐकलंस?" धाकटे मालक म्हणाले.

"ऐकलं. मग तू सांग. तुला दिसतं ना?"

"चॉकलेटी आहे, त्यात काय!"

"चॉकलेटी?" कव्हरवाला मोजपट्टी तशीच धरून वळला. "साहेब, हा मरून आहे."

"मरून काय, वांगी आहे हा," पडदेवाल्या बाई म्हणाल्या. शिंपीकाका म्हणाले की कुणालाच काही कळत नाही, हा वीटकरी आहे.

"नावं राहू देत," बाई म्हणाल्या. "धाकट्या, तू याच दुकानात फळीखाली रांगलास. आई मला सांगायची तेव्हा तूही ऐकायचास. कोण आहे ते सांग."

"हा काय पोरखेळ, ताई..."

"सांग."

त्यांनी कापड हातात घेतले. उजेडाकडे वळवले. कव्हरवाल्यासमोर बोलायला त्यांना लाज वाटत होती. कान चोळत होते. मग खालच्या आवाजात म्हणाले, "थोरली आत्या. रागावलेली. पण पाहुणे बसलेत म्हणून बोलत नाहीये."

बाईंचा हात खणांकडे गेला. चौथी रांग, डावीकडून तिसरी मूठ. दोन गाठी चाचपल्या, खण ओढला, एक रीळ काढून कापडावर ठेवले.

पडदेवाल्या बाईंनी वाकून पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांना काही दोष सापडला नाही. "जुळला हो," कव्हरवाला म्हणाला आणि लगेच त्याला वाईट वाटले.

धाकटे मालक म्हणाले, "पण यात या मुलाचा काय उपयोग झाला?"

"त्याने 'माहीत नाही' म्हटलं. तुझ्या तोंडून कधी ऐकलंय मी ते?"

मी विक्रीची वही पुढे केली. त्यांनी ती उभ्याने वाचली. वीस तारखेनंतरची पाने दोनदा वाचली.

"सहा महिने," ते शेवटी म्हणाले. "सप्टेंबरअखेर पुन्हा बघेन."

"ये. चहा मिळेल. पाच रिळं बघावी लागतील."

कव्हरवाल्याने मोजपट्टी गुंडाळली आणि समोरचा गाळा रिकामा होणार आहे का, म्हणून चावीवाल्याला विचारले.

दुकान बंद करताना बाई म्हणाल्या, "आता तुझ्या पगाराचं. निम्मेच रंग दिसतात, निम्माच मिळेल."

हे अन्यायाचे होते. मी नव्या खोक्यातल्या बाराही छटा मांडल्या, चावीवाल्याला साक्षीला बसवले आणि स्टिकर झाकून एकेक सांगितली. बारापैकी सात बरोबर आल्या.

"म्हणजे निम्म्याहून एक जास्त," मी म्हणालो. "आणि शुद्धलेखनाचे काहीच नाही?"

"शुद्धलेखन कुणाला दिसतंय इथे?" त्या म्हणाल्या. गल्ला उघडून नोटा बोटांनी मोजल्या. "घे, पाऊण. रागाने घरी जाऊ नकोस, उद्या माल यायचाय."

मार्चअखेरचा हिशेब

जमा. पगार, ठरलेल्या आठ हजारांचा पाऊण : ६,०००.

खर्च. पडदेवाल्या बाईंची पाच रिळे बदलून : १००. शिंपीकाकांची उसवायची मजुरी, नऊ कोट, माझा निम्मा वाटा : ४५०. साक्षीदारांचा चहा, दोनशे सोळा कप, निम्मा वाटा : १,०८०. वह्या तीन (एक फाडली) : १३५. घरी दिले : ३,५००. एकूण ५,२६५. शिल्लक ७३५.

देणे. चावीवाल्याला, त्रेचाळीस निवाड्यांचे. तो "राहू दे" म्हणतो, तरी लिहून ठेवले. बाईंना, चारशे बारा माफ्या. त्या म्हणतात, एकदम नको, हप्त्याने चालतील. आज पहिली दिली.